डेडमाइन्समध्ये पहिल्यांदा जाताना : नव्या पार्टीसाठी पायरी-पायरीने

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधल्या डेडमाइन्स या खाणीत नव्या पार्ट्या (एकत्र खेळणाऱ्यांचे गट) मरताना मी पुष्कळदा पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या फार थोड्या बॉससमोर (मोठ्या शत्रूसमोर) मेल्या. बहुतेक वेळा जागा असते खाणीतला एखादा साधा बोगदा. टँक (शत्रूंचा मार स्वतःवर घेणारा) अजून पाणी पीत असतो तेवढ्यात कुणीतरी बाण सोडतो. अर्धमेला झालेला एक मॉब (खेळातला शत्रू) पळत सुटतो, पुढच्या घोळक्याला घेऊन येतो, आणि दोनाचे सहा होतात. मग दोष हीलरच्या, म्हणजे सगळ्यांची हेल्थ भरणाऱ्याच्या, माथी येतो. खरं तर त्याच्या हातात तेव्हा काहीच उरलेलं नसतं.

हा लेख वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या क्लासिक आवृत्तीसाठी, अलायन्स (खेळातल्या दोन गटांपैकी एक) बाजूने आणि पाच जणांच्या पार्टीसाठी आहे. २०१० च्या कॅटॅक्लिझम या विस्तारानंतर हीच खाण बरीच बदलली, त्यामुळे नव्या आवृत्तीत खेळणाऱ्यांना यातला बॉसचा भाग जुळणार नाही.

## टप्पा १ : क्वेस्ट आधी, खाण नंतर

इथे होणारी चूक नंतर दुरुस्त होत नाही. व्हॅनक्लीफ (खाणीतला शेवटचा बॉस) पडतो, चार जण त्याचं डोकं उचलतात आणि पाचव्याला ते दिसतच नाही, कारण त्याच्याकडे ती क्वेस्टच (खेळात मिळणारी कामगिरी) नसते. त्याला सगळी खाण पुन्हा करावी लागते.

डिफायस ब्रदरहूडची (व्हॅनक्लीफच्या टोळीची) क्वेस्ट एका झटक्यात मिळत नाही, ती साखळी आहे. वेस्टफॉलमधल्या सेंटिनेल हिलला ग्रायन स्टाउटमँटल भेटतो. तो तुम्हाला लेकशायरच्या खानावळीत वायलीकडे पाठवतो. तिथून परत ग्रायनकडे, मग स्टॉर्मविंडच्या ओल्ड टाउनमध्ये मथायस शॉकडे आणि पुन्हा ग्रायनकडे यायचं. त्यानंतर रस्त्यावरून जाणाऱ्या डिफायस निरोप्याला गाठून त्याच्याजवळचा निरोप मिळवायचा. मग टोळीतल्या एका फितुराला मूनब्रुकपर्यंत सांभाळून न्यायचं. एवढं झाल्यावरच व्हॅनक्लीफला मारण्याची क्वेस्ट हाती येते. आधीच्या पायऱ्या न केलेल्या माणसाला ती वाटून देता येत नाही. साखळीला वेळ लागतो, म्हणून ती आदल्या दिवशीच उरकावी.

याशिवाय तीन ठिकाणी थांबा. सेंटिनेल हिलच्या बुरुजावर स्काउट रिएल आहे, तिला लाल रेशमी रुमाल १० हवे असतात. स्टॉर्मविंडच्या ड्वार्व्हन डिस्ट्रिक्टमध्ये वाइल्डर थिसलनेटल दोन क्वेस्ट देतो : एकीत खाणकामगारांची ४ युनियन कार्डं आणायची, दुसरीत त्याच्या भावाचा बिल्ला. त्याच भागात शोनी आहे. तिची वस्तू स्नीडच्या यंत्राजवळ मिळते.

सावध : थिसलनेटलच्या दोन्ही क्वेस्टचं सामान पोर्टलच्या (मुख्य खाणीत नेणाऱ्या दाराच्या) आत नाही. ते मूनब्रुकच्या घरातून खाली उतरल्यावर, पोर्टलच्या अलीकडच्या खाणीत आहे. घाईघाईने सरळ पोर्टल गाठणारी पार्टी हे हमखास विसरते, आणि आत गेल्यावर “आता परत कोण जाणार” म्हणून सोडून देते. बाहेरची खाण आधी नीट फिरा.

## टप्पा २ : पार्टी कशी असावी

एक टँक, एक हीलर, तीन मारणारे. लेव्हल साधारण १८ ते २२. व्हॅनक्लीफ २१ लेव्हलचा एलिट (नेहमीपेक्षा ताकदवान शत्रू) आहे. १५-१६ लेव्हलचा एखादा मित्र सोबत घ्यायचा मोह होतो, आणि तो चांगला खेळत असेल तर खाण पूर्णही होते. पण त्याचे मंत्र वारंवार रेझिस्ट होतील (लागणार नाहीत), वार चुकतील, आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते : तुमची लेव्हल जितकी खाली, तितक्या लांबून मॉबला तुमचा सुगावा लागतो. टँक ज्या भिंतीच्या कडेने निर्धास्त जातो, तिथून १५ लेव्हलचा मेज (जादूगार) गेला तर पलीकडचा घोळका अंगावर येतो. अशा माणसाला कायम टँकच्या मागे, वाटेच्या मधोमध चालायला सांगा.

टँक वॉरियरच हवा असं नाही (वॉरियर, ड्रुइड, पॅलडिन हे पात्रांचे वर्ग). अस्वलाच्या रूपातला ड्रुइड इथे उत्तम चालतो, त्याच्याकडे ग्राउल (मॉबला आपल्याकडे खेचणारी गुरगुर) आहे. पॅलडिनही चालतो, मात्र क्लासिकमध्ये त्याच्याकडे टॉन्ट नाही. म्हणजे सुटलेला मॉब त्याला पटकन परत खेचता येत नाही. पॅलडिन टँक असेल तर इतरांनी हात जास्त आवरायचा, आणि त्याने रायचस फ्युरी (मॉबचा रोख त्याच्यावर ठेवायला मदत करणारा मंत्र) लावली आहे ना हे विचारायचं. ती १६ व्या लेव्हलला मिळते.

तीन मारणाऱ्यांपैकी निदान एक जण मॉबला लढाईबाहेर ठेवू शकणारा असावा. मेजचा पॉलिमॉर्फ (शत्रूची काही वेळ मेंढी करणारा मंत्र) किंवा रोगचा (लपून वार करणाऱ्या वर्गाचा) सॅप (शत्रूला सुन्न करणारा वार) असेल तर खाण निम्मी सोपी होते, कारण इथले बहुतेक शत्रू माणसं किंवा गॉब्लिन आहेत आणि दोघांवरही हे चालतं. पॉलिमॉर्फची पहिली रँक २० सेकंद टिकते. मेंढी झालेल्या मॉबची हेल्थ भराभर भरते, त्यामुळे आधी अर्धा मारून मग मेंढी करण्यात काही अर्थ नाही.

## टप्पा ३ : पिशवीत काय असावं

- हीलरसाठी भरपूर पाणी. पार्टीत मेज असेल तर दारातच सगळ्यांना पाणी वाटून घ्या, ते फुकट आहे.
- प्रत्येकाकडे बँडेज. एकदा बांधलं की पुढचा १ मिनिट दुसरं बांधता येत नाही, आणि बांधताना मार बसला तर ते तुटतं. म्हणून लढाई संपल्यावर बांधा. हीलरचा माना (मंत्र टाकायची ताकद) त्याने वाचतो.
- वॉरियर टँककडे धनुष्य, बंदूक किंवा फेकायचं शस्त्र, आणि पुरेसे बाण-गोळ्या. ही गोष्ट नसेल तर निघूच नका. टप्पा ५ त्याशिवाय करता येत नाही.
- वॉरियर किंवा पॅलडिन टँककडे ढाल. दोन हातांचं मोठं शस्त्र घेऊन टँक करू पाहणाऱ्या वॉरियरला हीलरचा माना पुरत नाही.
- पिशवीत आठ-दहा रिकाम्या जागा.

निघण्याआधी सामान दुरुस्त करून घ्या. प्रत्येक मरणामागे अंगावरच्या वस्तूंची मजबुती १० टक्क्यांनी घटते. आधीच निम्म्या झिजलेल्या चिलखताने आत गेलात आणि दोन-तीनदा वाइप झालात (सगळी पार्टी मेली), तर शेवटच्या बॉसपर्यंत ते लाल दिसायला लागतं. हार्थस्टोन (ठरवलेल्या खानावळीत परत नेणारा दगड) सेंटिनेल हिलच्या खानावळीत लावून ठेवा.

तपासा : वॉरियर टँकच्या अॅक्शन बारवर डिफेन्सिव्ह स्टॅन्स (बचावाचा पवित्रा), सन्डर आर्मर, टॉन्ट आणि ब्लडरेज ही चार बटणं आहेत ना? ही सगळी १० व्या लेव्हलपासून मिळतात. प्रशिक्षकाकडे न जाता आलेले वॉरियर मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे १८ व्या लेव्हललाही यातलं एखादं नसतं.

## टप्पा ४ : पोर्टलच्या आत, पहिल्या पावलाआधी

आत शिरल्यावर लगेच धावू नका. पाच मिनिटं उभे राहा आणि पुढच्या गोष्टी चॅटमध्ये लिहून पक्क्या करा.

१. खुणा. कवटी म्हणजे पहिला मारायचा, क्रॉस म्हणजे दुसरा, चंद्र म्हणजे मेंढी. यापेक्षा जास्त खुणा ठरवल्या तर कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. खुणा एकानेच करायच्या, शक्यतो टँकने.

२. ओढणार कोण, म्हणजे मॉबला पार्टीकडे आणणार कोण. एकच माणूस, आणि तो टँक. हंटरचा पल्ला लांब आहे म्हणून त्याने ओढावं असं काही जण सुचवतात. अनुभवी जोडीत ते चालतं, पहिल्या फेरीत नको.

३. पाळीव प्राणी. हंटरने प्राण्याचा ग्राउल बंद करायचा, वॉरलॉकने व्हॉइडवॉकरचा टॉरमेंट बंद करायचा. दोन्ही आपोआप चालू राहतात आणि टँकच्या हातून मॉब काढून घेतात. बटणावर राइट-क्लिक केलं की चमकणारी कड जाते. ती गेली का, हे प्रत्यक्ष पाहा.

४. फियर नको. वॉरलॉकचा फियर आणि प्रीस्टचा सायकिक स्क्रीम मोकळ्या मैदानात जीव वाचवतात. खाणीत घाबरलेला मॉब बोगद्यातून पुढच्या घोळक्यात जातो आणि सगळ्यांना घेऊन परततो.

५. लूट. ज्याला वस्तू लगेच अंगावर चढवायची आहे त्याने नीड, बाकीच्यांनी ग्रीड (लूट वाटण्याची ही दोन बटणं). व्हॅनक्लीफकडच्या क्रूएल बार्ब तलवारीवर वॉरियर, रोग आणि पॅलडिन तिघांचा डोळा असतो. ती पडल्यावर वाद घालण्यापेक्षा कोण कोण नीड दाबणार हे आताच बोलून घ्या.

६. बफ (ताकद वाढवणारे मंत्र). प्रीस्ट, मेज, ड्रुइड यांचे बफ ३० मिनिटं टिकतात, पॅलडिनचे ब्लेसिंग फक्त ५ मिनिटं. त्यामुळे पॅलडिनला अधूनमधून आठवण करून द्यावी लागते.

## टप्पा ५ : मॉब ओढण्याची रीत

सगळ्या लेखातला हाच भाग दोनदा वाचावा अशी माझी इच्छा आहे.

मॉब जिथे उभे आहेत तिथे जाऊन लढायचं नसतं. त्यांना तुमच्या जागेवर आणायचं असतं. तुम्ही नुकता साफ केलेला भाग सुरक्षित आहे, त्यांच्या मागचा भाग नाही. क्रम असा :

अ. टँक पुढे होतो, घोळका मोजतो, खुणा करतो. गस्तीचे मॉब आहेत का हे पाहायला निदान दहा सेकंद थांबतो. गस्त येत असेल तर आधी ती ओढायची.

आ. टँक हीलरचा माना बघतो. माझा आकडा ७० टक्के. त्याखाली असेल तर सगळे खाली बसतात. शेवटचा मंत्र टाकल्यानंतर ५ सेकंद माना नीट भरत नाही, म्हणून हीलरला “थोडा आहे ना, चल” असं म्हणून रेटू नका. बसून पाणी प्यायला दिलेलं अर्धं मिनिट वाइपनंतरच्या दहा मिनिटांपेक्षा स्वस्त पडतं.

इ. मेज किंवा रोग आपलं काम करतो. सॅप लढाई सुरू होण्याआधीच लावावा लागतो, म्हणून रोग पहिला जातो. पॉलिमॉर्फ मात्र टँकने बाण मारल्यावर, मॉब येत असताना टाकायचा.

ई. टँक बाण मारतो आणि लगेच मागे वळून कोपऱ्याआड जातो. उरलेले चौघे आधीपासून कोपऱ्याच्या अलीकडे उभे असतात.

कोपरा का? तलवारवाले मॉब धावत येतात, पण डिफायस इव्होकरसारखे आग फेकणारे लांबच उभे राहतात. टँक त्यांना दिसत राहिला तर ते जागेवरून हलत नाहीत, मग मारणारे त्यांच्याकडे धावतात आणि तिथे दुसरा घोळका जागा होतो. टँक नजरेआड झाला की मंत्रवाल्याला चालत यावंच लागतं. वळण ओलांडून तो तुमच्या पायाशी येईपर्यंत कुणीही त्याच्यावर काहीही टाकायचं नाही. एक फायरबॉल टाकला की तो तुमच्याकडे तोंड करून तिथेच थांबतो.

उ. सगळे मॉब टँकभोवती आले. आता तीन मोजा. मग कवटी.

तपासा : पहिले दोन घोळके याच पद्धतीने मारून झाल्यावर थांबा आणि एकमेकांना विचारा : हीलरवर कुणी धावलं का? मेंढी कुणी फोडली का? फोडली असेल तर बहुधा टॅब दाबून टार्गेट निवडणाऱ्याने फोडली असेल. त्याला सांगा, टॅब सोड, टँकला असिस्ट कर (त्याचंच टार्गेट घे).

## टप्पा ६ : तीन मोजायचे ते कशासाठी

“टँक ॲग्रो धरत नाही” (मॉबचा रोख स्वतःवर ठेवत नाही) ही तक्रार रोज ऐकू येते. ती करणाऱ्याने हा हिशेब एकदा समजून घ्यावा.

प्रत्येक मॉबकडे थ्रेटची (कोण किती धोक्याचा वाटतो त्या आकड्यांची) यादी असते. टँकने १००० थ्रेट केला असेल, तर जवळून मारणाऱ्याला मॉब आपल्याकडे वळवायला ११०० च्या वर जावं लागतं, लांबून मारणाऱ्याला १३०० च्या वर. म्हणजे १० आणि ३० टक्क्यांची सूट. ऐकायला भरपूर वाटते, पण पहिल्या सेकंदाला टँकचा थ्रेट १००० नसतो, जेमतेम एका बाणाएवढा असतो. त्यावर तुमचा एकच जोरदार फायरबॉल बसला की मॉब निघाला तुमच्याकडे. वीस सेकंदांनी तोच फायरबॉल त्याच मॉबवर टाका, काही होत नाही. चूक मारण्यात नव्हती, वेळेत होती.

हीलिंगचाही थ्रेट होतो. भरलेल्या हेल्थच्या निम्मा, आणि तो लढणाऱ्या सगळ्या मॉबमध्ये वाटला जातो. ४ मॉब असताना २०० हेल्थ भरली तर प्रत्येकाकडे २५. हे थोडंच आहे. टँकने ज्या मॉबला हातही लावलेला नाही, त्याच्या यादीत मात्र हे २५ सर्वांत वर बसतात. हीलरवर धावणारा मॉब बहुतेक वेळा असाच असतो. त्यामुळे टँकचं काम नुसतं कवटीला मारत राहणं नाही. कवटीला एक-दोन सन्डर, मग क्रॉसला एक, उरलेल्याला एक, आणि परत कवटी. १४ व्या लेव्हलनंतर डिमॉरलायझिंग शाउट मिळतो, तो सगळ्यांवर थोडाथोडा थ्रेट टाकतो.

वॉरियरसाठी दोन गोष्टी. डिफेन्सिव्ह स्टॅन्समध्ये थ्रेट ३० टक्के जास्त होतो आणि मार १० टक्के कमी बसतो, म्हणून लढाई तिथेच. चार्ज (मॉबवर धावून जाणं) मात्र फक्त बॅटल स्टॅन्समध्ये चालतो. चार्जने मिळालेला रेज (वॉरियरची कौशल्यं चालवणारी ताकद) स्टॅन्स बदलताच जातो (टॅलंट घेतला नसेल तर सगळाच). त्यामुळे “चार्ज करून लगेच डिफेन्सिव्ह” ही सवय सोडा. बाणाने ओढा, ब्लडरेज दाबा, सन्डर लावा. चार्जमुळे लढाई मॉबच्या अंगणात होते, हा आणखी एक तोटा.

मॉब तुमच्याकडे वळलाच तर पळू नका. पळालात की टँक तुमच्यामागे धावत राहतो आणि त्याचे वार चुकतात. मॉबला घेऊन टँककडे चालत या आणि मारणं थांबवा. टॉन्ट १० सेकंदांत एकदाच मिळतो, तो टँकला हीलरसाठी राखू द्या.

पळणारे मॉब : खाणीतली माणसं हेल्थ संपत आली की पाठ फिरवून पळतात. कवटीची हेल्थ पाचवा हिस्सा उरली की मेजने फ्रॉस्टबोल्ट मारून त्याला मंद करायचं किंवा हंटरने विंग क्लिप लावायचा. शेवटचे वार त्या क्षणासाठी राखून ठेवले तर तो दोन पावलांत पडतो. त्याच्या मागे धावत कुणीही जाऊ नका. पळून गेलाच तर सगळ्यांनी मागे सरकून साफ भागात उभं राहावं, तो साथीदार घेऊन येईल तेव्हा लढाई तिथे होईल.

## टप्पा ७ : खाणीपासून तोफेपर्यंत

राकझोर. पहिला बॉस, एक ओगर (राक्षस). त्याच्यासोबत दोन पहारेकरी असतात. एकाला मेंढी, दुसऱ्याला आधी मारा, मग मेंढी फोडून ती मारा, ओगर शेवटी. तो सोपा आहे, आणि त्यामुळेच तो पडल्यावर सगळे लूट बघत बसतात. त्याच वेळी तुम्ही आलात त्या बाजूने गस्त येते आणि मागे बसून पाणी पिणारा हीलर तिला पहिला सापडतो. बॉस पडला की हीलरने खोलीच्या मधे यायचं आणि टँकने आल्या वाटेकडे तोंड करून उभं राहायचं. ही सवय पुढच्या दरवाजांपाशीही कामी येते.

स्नीड. लाकूडकामाच्या गोल खोलीत उतरणीची वाट आहे. वरून खाली उडी मारली तर वेळ वाचतो असं वाटतं. उडी मारू नका. मी एकदा हंटर असताना इथे उडी मारली होती. मी खाली पोहोचलो, माझा प्राणी मात्र सगळी वाट चालून, वाटेतल्या प्रत्येक गॉब्लिनला मागे घेऊन आला. पाचही जण मेलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच खाणीत आलेल्या हीलरने पार्टी सोडली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. कुठेही उडी मारावी लागणारच असेल तर प्राण्याला आधी डिसमिस करा.

स्नीड यंत्रात बसून लढतो. हे यंत्र कुणाला तरी घाबरवून पळवतं, म्हणून खोली आधी पूर्ण साफ हवी. यंत्र मोडलं की त्यातून स्नीड स्वतः बाहेर येतो, आणि खेळाच्या दृष्टीने तो नवा मॉब आहे, त्याची थ्रेटची यादी कोरी आहे. यंत्रावर जोर लावून मारणाऱ्यांनी इथे हात थांबवायचा आणि पुन्हा तीन मोजायचे. शोनीची वस्तू यंत्राच्या अवशेषातून घ्यायला विसरू नका.

गिलनिड. भट्टीच्या खोलीत. आजूबाजूचे गॉब्लिन आधी एकेक करून मारा. इंजिनियर दिसला की कवटी त्याच्यावर, तो यंत्रमानव सोडतो. भोवती कुणी उरलं नसेल तर गिलनिडमध्ये फारसं काही नाही.

तोफ. वाट लोखंडी दरवाजापाशी संपते. तोफेच्या अलीकडे मिळणारी बंदुकीची दारू कुणीतरी उचललेली असावी लागते. नसेल तर मागे जाऊन शोधा. तोफ डागली की दरवाजा फुटतो, स्माइट (पुढचा बॉस) ओरडतो, आणि जहाजावरचे चाचे तपासायला येतात. तोफ डागण्याआधी सगळ्यांची हेल्थ आणि माना पूर्ण भरा. डागल्यावर दरवाजातून बाहेर धावू नका, बोगद्यात मागे सरका आणि त्यांना आत येऊ द्या.

वाइप झालाच तर : भूत होऊन मूनब्रुकच्या खाणीतून पोर्टलपर्यंत यायचं, आत शिरताच जिवंत होता. सगळे येईपर्यंत दारातच थांबा. एकटा पुढे गेलेला माणूस दुसरा वाइप घडवतो. बफ पुन्हा लावा, कारण मेल्यावर ते जातात. मग एकच प्रश्न विचारा : पहिला जास्तीचा मॉब कुठून आला? त्याचं उत्तर मिळालं की पुढे चला. पार्टीत वॉरलॉक असेल आणि तो १८ लेव्हलचा झाला असेल, तर इथून पुढे हीलरवर सोलस्टोन (मेल्यावर जागीच जिवंत होऊ देणारा दगड) ठेवायला सांगा.

## टप्पा ८ : जहाज

मिस्टर स्माइट. नव्या पार्टीचा खरा कस इथे लागतो. त्याच्यासोबत दोन लपलेले साथीदार असतात, ते आधी मारा. स्माइटची हेल्थ ६६ टक्क्यांवर आणि ३३ टक्क्यांवर आली की तो पाय आपटतो आणि आसपासच्या सगळ्यांना सुमारे १० सेकंद सुन्न करतो. तेवढ्या वेळात तो पेटीपाशी जाऊन शस्त्र बदलतो : आधी दोन कुऱ्हाडी, मग मोठा हातोडा. तो परत येतो तेव्हा टँकची हेल्थ अर्धी असेल तर हीलरला सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून स्माइट ७० टक्क्यांवर आला की सगळ्यांनी मारणं सैल करायचं, हीलरने टँकला पूर्ण भरायचं आणि चॅटमध्ये “हो” लिहायचं. मग पुढे ढकला. ३७-३८ टक्क्यांवर पुन्हा तेच. या दोन थांब्यांखेरीज स्माइटसाठी वेगळी युक्ती लागत नाही.

सावध : लढाई जहाजाच्या फळीवर नको. स्माइटला खाली, साफ केलेल्या जागी आणा. वर डेकवर ग्रीनस्किनची टोळी फिरते.

कॅप्टन ग्रीनस्किन. तो साथीदारांसह गस्त घालतो. एकाला मेंढी, मग साथीदार, मग तो. त्याचा वार समोरच्या सगळ्यांना लागतो, त्यामुळे टँकखेरीज कुणीही त्याच्या पुढ्यात उभं राहायचं नाही. त्याच्या विषारी भाल्यासाठी पॅलडिन किंवा ड्रुइडने विष उतरवायला तयार असावं.

व्हॅनक्लीफ. त्याच्याआधी डेकवरचे सगळे चाचे मारा, एकही मागे ठेवू नका. व्हॅनक्लीफ दोन शस्त्रांनी भराभर मारतो, त्यामुळे हीलरचा माना इथे सर्वांत वेगाने उतरतो. सुरुवात पूर्ण मानानेच. त्याची हेल्थ अर्ध्यावर आली की दोन साथीदार येतात आणि त्यांची पहिली नजर हीलरवर असते. इथे पार्टी दोन भागांत वाटू नका. टँक व्हॅनक्लीफला धरून ठेवतो, मेज एका साथीदाराला मेंढी करतो, उरलेले दोघे मारणारे दुसऱ्याला हीलरच्या अंगावरून काढून मारतात. मग मेंढी झालेला, आणि मग सगळे पुन्हा व्हॅनक्लीफवर. मेज नसेल तर ५५ टक्क्यांवर थोडं थांबून हीलरला श्वास घेऊ द्या आणि हीलरने टँकच्या अगदी शेजारी उभं राहावं, म्हणजे साथीदार टँकच्या पल्ल्यातच येतात.

तो पडल्यावर प्रत्येकाने प्रेत उघडायचं. क्वेस्ट असलेल्या प्रत्येकाला डोकं मिळतं, पण ज्याने त्याने स्वतः उचलावं लागतं. तिथेच एक न पाठवलेलं पत्र सापडतं. पत्रावर राइट-क्लिक केलं की नवी क्वेस्ट सुरू होते, ती स्टॉर्मविंडमध्ये बॅरोस अॅलेक्सटनकडे नेते.

कुकी हा मर्लॉक जहाजावरच असतो. त्याला मारायला दोन मिनिटं लागतात, पार्टी मोडण्याआधी उरकून घ्या. लाल रुमाल १० झालेत का हेही आताच मोजा. कमी असतील तर बाजूने राहिलेले चाचे मारून भरून निघतात.

आल्या वाटेने परत जायची गरज नाही. जहाजाच्या पलीकडच्या बोगद्यातून वेस्टफॉलमध्ये बाहेर पडता येतं. तिथून सेंटिनेल हिल : डोकं ग्रायनकडे, रुमाल रिएलकडे. ग्रायन अंगरखा, विजार आणि काठी यातलं एक निवडायला सांगतो. मग स्टॉर्मविंडला जाऊन कार्डं आणि बिल्ला थिसलनेटलकडे, यंत्रातली वस्तू शोनीकडे आणि पत्र बॅरोसकडे द्या.